चिलखताच्या कड्या गळतात, नव्या ओवल्या तरी पुन्हा गळतात: दोष कुठे शोधायचा

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत माझा भाचा मावळा झाला होता. अंगात मी हाताने विणलेलं तारेचं चिलखत, डोक्याला पगडी, कमरेला शेला. जांभळी नाक्यापासून नौपाड्यापर्यंत चालून तो घरी आला तेव्हा डाव्या काखेत मूठ जाईल एवढं भोक पडलेलं होतं आणि खांद्यावर तीन ठिकाणी वीण उसवली होती. त्या रात्री बसून मी भोकं बुजवली. नव्या कड्या ओवल्या, पकडीने दातओठ खाऊन मिटवल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात पुन्हा गळल्या. पुन्हा बुजवल्या. पुढच्या वर्षी तिथीच्या शिवजयंतीला तिसऱ्यांदा तेच, आणि जागाही त्याच.

हाताने चिलखत विणणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ही गळती भेटते. पहिला वीतभर तुकडा छान जमतो, टेबलावर ठेवला की देखणा दिसतो, अंगावर चढला की कड्या टपटप पडायला लागतात. मग आपण आणखी जोर लावून मिटवतो. माझी दोन वर्षं या जोरात गेली. आता माझं ठाम मत आहे की कडी गळणार की टिकणार हे पक्कड हातात घेण्याआधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं: कुठली तार आणली, कुठल्या सळईवर स्प्रिंगसारखी गुंडाळली आणि एकेक कडी सुटी करायला ती गुंडाळी कशाने कापली. मिटवणं हे शेवटचं काम आहे. तेही नीट करावं लागतं, पण आधीचं बिघडलेलं त्याने सुधारत नाही.

इथे मी युरोपीय चार-एक विणीबद्दल बोलतो आहे, म्हणजे प्रत्येक कडीतून शेजारच्या चार कड्या जातात ती. बहुतेक जण याच विणीने सुरुवात करतात. कडीची दोन टोकं जिथे भिडतात त्याला मी सांधा म्हणतो. कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी म्हणजे गुणोत्तर. हा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

आधी पडलेल्या कड्या बघा

माझी मावसबहीण रबाळ्याच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात काम करते. तिसऱ्यांदा कड्या गळल्या तेव्हा ती घरी आली होती. मी काखेत कड्या ओवत बसलो होतो. तिने विचारलं, "दादा, पडलेल्या कड्या कुठे आहेत?"

"आधीच्या टाकून दिल्या. या वेळच्या शेल्यात सापडल्या, त्या डब्यात आहेत."

"मग नव्या कशाला घालतोयस आत्ताच? आमच्याकडे रिजेक्ट माल आला की आधी बिघाडाप्रमाणे वेगळा लावतो, मगच मशीनकडे जातो."

शेला घट्ट बांधलेला असल्यामुळे त्या वेळी ४१ कड्या अडकून राहिल्या होत्या. आम्ही त्या पांढऱ्या कागदावर ओतल्या आणि भिंगाखाली एकेक पाहिली. अर्ध्या तासात चार ढीग झाले. पहिल्यात लांबट झालेल्या, अंड्यासारख्या कड्या: २३. दुसऱ्यात गोलाई शाबूत, पण दोन टोकं एका पातळीत नाहीत, स्प्रिंग वॉशरसारखी एक वर एक खाली: ११. तिसऱ्यात आतल्या बाजूला टोकं भिडलेली आणि बाहेरच्या बाजूला फट, म्हणजे सांध्यात उघडी खाच: ५. आणि दोन कड्या सरळ तुटलेल्या.

तुमच्याकडे गळती होत असेल तर एकही नवी कडी घालण्याआधी हे करा. जमिनीवरच्या, अस्तरातल्या, पिशवीच्या तळाशी पडलेल्या, जेवढ्या मिळतील तेवढ्या गोळा करा. ज्या ढिगात जास्त कड्या, तिथून सुरुवात. चारही ढिगांचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की मेहनत वाया जाते. माझे २३ लांबट होते आणि मी दोन वर्षं दुसऱ्या ढिगावरचा उपाय करत होतो.

लांबट झालेल्या कड्या

कडी लांबट झाली म्हणजे ती वजन पेलू शकली नाही. सांधा तुम्ही कितीही सुंदर मिटवलेला असो, तार वाकली की तो उघडणारच. कारणं तीन असतात आणि बहुधा एकमेकांच्या सोबतीने येतात: तार मऊ, तार बारीक, किंवा कडी तारेच्या मानाने मोठी.

मऊ तारेपासून सुरू करू, कारण आपल्याकडे ही चूक फार होते. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "बांधायची तार द्या" म्हटलं की सळ्या बांधायची काळी बाइंडिंग वायर मिळते. ती तापवून मुद्दाम मऊ केलेली असते, कारण स्लॅबच्या सळ्या बांधणाऱ्याला दोन पिळांत ती गच्च बसवायची असते आणि सोडल्यावर ती उलगडायला नको असते. त्याच्या कामाला हा गुण, आपल्या कामाला दोष. हाताने वळली की वळलेलीच राहणारी तार, ओढली की ओढलेलीच राहते. माझं पहिलं चिलखत याच तारेचं होतं. शिवाय तिला गंजापासून कसलंच संरक्षण नसतं, ठाण्याच्या एका पावसाळ्यात ती तांबूस होते.

मोटर वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणणारेही पुष्कळ भेटतात. दिसायला फार सुरेख, पण तीही मऊच असते आणि वर इनॅमलचा थर असतो. दागिन्याला चालेल. अंगावर लोंबणाऱ्या वजनाला नाही.

दुकानात "जी.आय. तार, १६ नंबर" असं मागा. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी तार. "कुंपणाला का?" असं विचारतील, हो म्हणा. ती किलोवर मिळते. थोडीशी हातात घेऊन वाकवून पाहा: सोडल्यावर किंचित परत उसळली तर ती कामाची, मुकाट्याने वाकून पडली तर दुसरी दाखवायला सांगा. अॅल्युमिनियम घ्यायचं असेल तर वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश भरतं, लहान मुलासाठी ती मोठी सोय आहे. पण मऊ हस्तकलेची तार आणि कडक मिश्रधातूची तार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तीच उसळीची परीक्षा तिथेही करा. स्टेनलेस ३०४ सगळ्यांत चिवट. तिच्या कड्या गळणं दुर्मीळ, पण मनगटं दुखतात आणि साध्या कटरची धार जाते, म्हणून सुरुवातीलाच तिच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

आता नंबराचा घोळ. तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते, हे माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं, की नंबर देण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. आपल्याकडच्या दुकानात सहसा एसडब्ल्यूजी हे ब्रिटिश माप चालतं. त्यात १६ नंबर म्हणजे १.६३ मिमी आणि १८ नंबर म्हणजे १.२२ मिमी. अमेरिकेत दागिन्यांच्या तारेला एडब्ल्यूजी हे माप लावतात, त्यात १६ नंबर म्हणजे १.२९ मिमी. इंटरनेटवर एखादा नमुना पाहून "१६ गेज, आतला व्यास साडेचार मिमी" असं कुणी उतरवून घेतलं आणि तो नमुना अमेरिकी मापाचा असला, तर तिथे गुणोत्तर साडेतीन येतं. तेच आकडे घेऊन आपल्या दुकानातली १६ नंबर तार वापरली की गुणोत्तर २.८ वर घसरतं, शेवटची कडी आत शिरतच नाही, आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. नंबर विसरा, मिमी धरा. जाडी आणि व्यास मोजायचं साधं डिजिटल व्हर्नियर घ्या. माझ्या सगळ्या अवजारांत सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच झाला.

तारेची जाडी किती फरक करते ते समजून घ्या, कारण अंदाजाने हे कळत नाही. कडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो आणि व्यासाच्या तिसऱ्या घाताप्रमाणे घटतो. मी पहिल्यांदा ८ मिमीच्या सळईवर १८ नंबरची तार गुंडाळली होती. आतला व्यास ८.४ मिमी भरला, गुणोत्तर जवळजवळ ७. नंतर सळई तीच ठेवली, तार १६ नंबरची जी.आय. घेतली. व्यास ८.३, गुणोत्तर ५.१. दिसायला दोन्ही कड्या भावंडं, पण दुसरी जवळजवळ तिप्पट ताठ, आणि त्यात तार कडक, तो फायदा वेगळा. वजन मात्र वाढतं: बारीक तारेची कडी पाव ग्रॅमहून थोडी जास्त होती, जाड तारेची अर्धा ग्रॅम. भाच्याच्या चिलखतात साधारण ६,००० कड्या आहेत, म्हणजे पावणेदोन किलोचं अंगरखं तीन किलोंवर गेलं. चौदा वर्षांच्या मुलाला ते झेपलं. याहून लहान मुलासाठी मी अॅल्युमिनियमच घेईन. तारेचा हिशोबही सांगून ठेवतो: या मापाच्या एक किलो तारेत तुटफूट धरून १,९०० च्या आसपास कड्या निघतात.

चार-एक विणीला गुणोत्तर साडेतीन ते पाचच्या दरम्यान ठेवा. तीनच्या खाली वीण लाकडासारखी ताठरते किंवा बसतच नाही. पाचच्या वर गेलं की जाळी सैल, हलकी, छान लोळणारी होते आणि तिथूनच गळती सुरू होते. मोठ्या कड्या घेतल्या की काम लवकर उरकतं, हा मोह सगळ्यांना होतो.

आणि हो, कडीचा व्यास म्हणजे सळईचा व्यास नव्हे. गुंडाळी सळईवरून सोडली की तार थोडी उसळते आणि कडी फुगते. वर पाहा, ८ च्या सळईवर एकदा ८.४ आणि एकदा ८.३ भरले. तार जितकी कडक किंवा बारीक, सळई जितकी जाड, तितकी उसळी जास्त. गुंडाळताना हाताचा ताण कमी-जास्त झाला की एकाच गुंडाळीत सुरुवातीच्या आणि शेवटच्या कड्या वेगळ्या निघतात. ज्या मोठ्या निघाल्या त्या सगळ्यांत आधी गळतात. म्हणून नवी तार आणली की वीस-पंचवीस वेढ्यांची नमुना गुंडाळी करायची, दोन्ही टोकांच्या आणि मधल्या कडीचा व्यास मोजायचा, आणि मगच पुढचा ढीग गुंडाळायला घ्यायचा. ड्रिल मशीनवर गुंडाळत असाल तर वेग अगदी कमी ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा आणि हातमोजे घालू नका, फिरत्या सळईत मोजा अडकला की बोट आत जातं. तार संपताना शेवटचं टोक चाबकासारखं फटका मारतं. त्या क्षणी मशीन थांबवून उरलेले वेढे हाताने पूर्ण करा.

टोकं वर-खाली झालेल्या कड्या

इथे मात्र हात सुधारावा लागतो. कडी उघडताना ती ओढून रुंद करायची नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. दोन पकडी सांध्याच्या दोन बाजूंना लावून एक हात आपल्याकडे, एक हात पलीकडे, असं पुस्तकाचं पान उलटल्यासारखं आडवं वळवायचं. बंद करताना उलट. पण बहुतेक जण टोकं समोरासमोर आली की थांबतात, आणि चूक तिथेच होते. तार इथेही उसळते. तुम्ही पक्कड सोडली की टोकं कागदाच्या जाडीएवढी मागे सरकतात, आणि वजन आलं की त्या फटीतून शेजारची कडी पाचरीसारखी घुसते.

म्हणून टोकं एकमेकांना ओलांडून तारेच्या अर्ध्या जाडीएवढी पुढे न्यायची, आणि नेताना दोन्ही हातांनी किंचित आत दाबायचं, जणू कडी लहान करायची आहे. मग तशीच मागे आणायची. टोकं एकमेकांवर घासल्याची खरखर बोटांना जाणवते, बारीक "टक" ऐकू येते आणि कडी थांबते. ती खरखर आली नाही तर सांधा दाबाने भिडलेला नाही, फक्त शेजारी उभा आहे. हा एक धडा अंगवळणी पडायला मला साधारण पाचशे कड्या लागल्या. त्यानंतर या ढिगातली गळती जवळजवळ बंद झाली.

तपासायला नख पुरतं. सांध्यावरून नख आधी सपाट बाजूने फिरवा, मग बाहेरच्या कडेने. अडकलं तर पुन्हा मिटवा. मोठ्या तुकड्यावरून जुनी जॉर्जेटची ओढणी हलकेच ओढा. जिथे धागा अडकेल तिथला सांधा उघडा आहे किंवा त्याला धार राहिली आहे.

पक्कड दात नसलेली, गुळगुळीत जबड्याची घ्या. दातेरी पक्कड तारेवर ओरखडे पाडते, जस्त खरवडून काढते आणि घसरली की कडी वाकडी करते. एक पक्कड लांब नाकाची आणि दुसरी रुंद, अशी जोडी मला सोयीची पडते. ठाण्यात मनासारखी मिळाली नाही म्हणून मी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. अवजारं हातात घेऊन, दाबून बघून घ्यायची असतील तर तो फेरा वाया जात नाही.

बाहेरून फट असलेल्या कड्या

हा दोष कटरचा. साधा साइड कटर तारेला दोन बाजूंनी चिमटत तोडतो, त्यामुळे तुटलेल्या टोकाला छपरासारखा उतार येतो. अशी दोन टोकं समोरासमोर आली की एका रेषेवर भिडतात, बाकीची जागा पोकळ. डोळ्यांना सांधा बंद दिसतो, पण भिडलेला भाग तारेच्या जाडीच्या मानाने नगण्य असतो. थोडा धक्का बसला की एक टोक दुसऱ्यावरून घसरतं.

सपाट धारेचा कटर एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला उतरतं टोक सोडतो. मग दर कडीला कटर उलटा करून त्या उतरत्या टोकाची चकती छाटून टाकायची. वेळ दुप्पट लागतो, तारेचे बारीक तुकडे घरभर उडतात. चष्मा लावा, खाली चादर अंथरा, आणि काम झाल्यावर लोहचुंबक फिरवा. आमच्याकडे रांगतं बाळ होतं तेव्हा मी हे काम फक्त गच्चीवर करायचो.

सगळ्यांत चांगला सांधा सोनाराच्या करवतीने येतो. लाकडी ठोकळ्यात खाच पाडून गुंडाळी त्यात बसवायची, वरून चिकटपट्टी लावायची, पात्याला मेण चोळायचं आणि एका रेषेत सावकाश कापत जायचं. दोन्ही टोकं सपाट आणि समांतर निघतात. पोलादाच्या ६,००० कड्या अशा कापणं म्हणजे कित्येक शनिवार-रविवार, आणि तेवढ्याची गरजही नाही. मी खांद्याच्या वरच्या दहा ओळी आणि दोन्ही काखा एवढ्याच कड्या करवतीने कापतो. पोटावरच्या आणि घेराच्या कड्यांना सपाट कटर पुरतो, तिथे भार कमी असतो.

तुटलेल्या कड्या

एकच कडी चार-पाच वेळा उघडली-मिटवली की तार त्या जागी कडक आणि ठिसूळ होते. चुकीच्या जागी ओवलेली कडी दोनदा उघडावी लागली तर ती बाजूला टाका, तार स्वस्त आहे.

तापवून मऊ करायचा सल्ला कुणी दिला तर तांब्यापितळेपुरता ऐका. जी.आय. तार कधीही तापवू नका. जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

कड्या कुठून गळतात तेही पाहा

ढीग लावून झाले की चिलखत खुंटीवर टांगा आणि भोकांच्या जागा कागदावर काढा. खांद्यावरच्या ओळीला खालचं सगळं वजन पेलावं लागतं, म्हणून तिथल्या कड्या लांबट होतात. हे वजन निम्मं करायची जुनी युक्ती कमरपट्टा आहे. पट्टा घट्ट बांधायचा आणि वरची जाळी थोडी उचलून त्याच्यावर सैल सोडायची, म्हणजे खालचा भार कमरेवर उतरतो. घालणाऱ्याचे खांदेही दुखत नाहीत.

काखेचं दुखणं वेगळं. चार-एक वीण एका दिशेला भरपूर ताणली जाते आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ नाहीच. अंगाची आणि बाहीची वीण जिथे आडवी-उभी भेटते तिथे एका बाजूला द्यायला काहीच नसतं, आणि हात वर गेला की सगळी ओढ दोन-चार कड्यांवर येते. शिंपी सदऱ्याच्या काखेत चौकोनी तुकडा घालतो तसा वेगळा विणलेला चौकोन तिथे बसवा. माझ्याकडे ११ बाय ११ कड्यांचा पुरला.

जुन्या काळच्या कारागिरांपुढेही हाच प्रश्न होता, आणि त्यांनी नुसता भिडवलेला सांधाच ठेवला नाही. टोकं चपटी करून एकमेकांवर चढवायची, भोक पाडायचं, त्यात रिव्हेट म्हणजे धातूची बारीक खिळी ठोकायची. पुष्कळ चिलखतांत एक ओळ रिव्हेटच्या कड्यांची आणि एक ओळ अखंड, बिनसांध्याच्या कड्यांची असते. आपल्याकडे पुढच्या काळात नुसत्या भिडवलेल्या टोकांची चिलखतंही झाली, पण लढाईचा भरवसा रिव्हेटवरच होता. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रास्त्रांचं दालन आहे. तिथे गेलात तर काचेला नाक लावून एकेका कडीचा सांधा पाहा, मी दीड तास उभा होतो. आणि यातूनच निघणारी एक सूचना: आपण भिडवलेल्या सांध्यांचं विणतो ते मिरवणुकीसाठी आणि रंगमंचासाठी आहे. ते घालून कुणालाही खऱ्या किंवा बोथट शस्त्राचा वार अंगावर घेऊ देऊ नका. विशेषतः मुलांना हे बजावून सांगा.

पावसाळा आणि घाम यांच्यामुळे कड्या सहसा गळत नाहीत, पण सांध्यात गंज धरला की तिथे पक्कड लावणं नकोसं होतं. घालून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा, आणि सुती पिशवीत ठेवा. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडला की जी.आय. तारेवर पांढरी भुकटी येते, माझ्याकडे एका जुलैत आली होती. जी.आय.च्या जाळीत शोभेसाठी तांब्याच्या कड्या मिसळू नका. घामाच्या ओलाव्यात त्या शेजारचं जस्त खातात.

आहे ते चिलखत कसं वाचवायचं

सगळं उसवायची गरज नाही. काळ्या बाइंडिंग वायरचं असेल तर मात्र मी मन घट्ट करून सांगतो, ते भिंतीवर लावा आणि नवं विणा. मी तेच केलं. जी.आय. किंवा कडक अॅल्युमिनियमचं असेल तर खांद्याच्या वरच्या सात-आठ ओळी काढून त्याच व्यासाच्या पण एक पायरी जाड तारेच्या कड्या घाला. १६ नंबरच्या जागी १४ नंबर, म्हणजे २.०३ मिमी. आतला व्यास ८ मिमी धरला तरी गुणोत्तर ४ च्या आसपास राहतं, वीण बसते, आणि कडी वाकवायला लागणारा जोर जवळजवळ दुप्पट होतो. काखेत चौकोन. बाकी ठिकाणी नख फिरवून फक्त अडकणारे सांधे पुन्हा मिटवा.

अंगावर चढवण्याआधी चाचणी घ्या. नव्या तारेची पाच कड्या रुंद आणि दहा लांब अशी पट्टी विणा, एस आकाराच्या आकड्याने खुंटीला टांगा, खाली दुसऱ्या आकड्याला पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली अडकवा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी बाटली हाताने वीसेक वेळा झुलवा, काढा आणि आकड्यालगतच्या कड्यांचा व्यास उभा-आडवा मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर ती तार घ्या. माझ्या जुन्या काळ्या तारेची पट्टी या चाचणीत पहाटेपर्यंत टिकली नाही, बाटली पडल्याच्या आवाजाने घर जागं झालं.

मावसबहिणीने शेवटी आणखी एक गोष्ट शिकवली. कारखान्यात कसलेल्या बोल्टवर रंगाची रेघ मारतात, बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. आम्ही नव्या कड्यांच्या सांध्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, खांदे आणि काखा मिळून १२० ठिपके. सांधा हलला की कडी पडायच्या आधीच ठिपक्याला तडा जातो. या पाडव्याला यात्रेहून आल्यावर चिलखत उलटं करून दिव्याखाली तपासलं. एकही कडी गळलेली नव्हती. चार ठिपक्यांना तडे होते, चारही डाव्या काखेत. भाच्याला विचारलं तेव्हा कळलं की तो भगवा झेंडा पहिल्या वर्षापासून डाव्या हातात उंच धरून चालतो, उजव्या हाताने लेझीम खेळणाऱ्यांना ताल देतो. त्या बाजूचा चौकोन आता ११ ऐवजी १३ कड्यांचा केला आहे.